गुहेच्या छतावरची वस्ती

शुभदा तेलंग बंगळूरला आली ती छप्पन्न साली, लग्न होऊन. नवरा पद्माकर विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर. मारतहळ्ळीच्या वाटेवर कारखान्याच्या क्वार्टर्स होत्या. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड आणि कुंपणापलीकडे नाचणीची शेतं. इंजिनांची चाचणी सुरू झाली की फळीवरची भांडी थरथरायची. शुभदा वेंगुर्ल्याची, नाबरांची मुलगी. समुद्र दिसत नाही अशा घरात ती आधी कधी राहिलीच नव्हती. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ती पद्माकरला म्हणाली, "अहो, इथे भरती कधी, ओहोटी कधी, काहीच कळत नाही हो." पद्माकर हसला, पण ती हसण्यासाठी बोलली नव्हती.

मुंबईला राहून तिनं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. मुलगी कल्पना तीन वर्षांची झाली तेव्हा गावातल्या एका मुलींच्या कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली. कारखान्याच्या बसनं जायचं, त्याच बसनं परत यायचं. वर्गातल्या बहुतेक मुलींनी समुद्र पाहिलेला नव्हता. शुभदा त्यांना बरणीतला तारामासा दाखवायची आणि मुली विचारायच्या, "मॅडम, हा जिवंतपणी पण असाच पांढरा असतो?"

तिच्या शेजारच्या खोलीत भूगर्भशास्त्र शिकवायला नीरजा होती. नीरजाचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन राहिलेलं. घरात मराठी, पण अशी की चार शब्दांमागे एक कन्नड. वयानं ती शुभदापेक्षा थोडी लहान, म्हणून पहिल्या दिवसापासून तिला 'अक्का' म्हणायची. तिच्या कपाटात तमिळ मुलखातल्या अरियलूरच्या खडकांतून आणलेले, दगड झालेले शिंपले होते, दिव्याच्या पणतीसारखे, एका टोकाला चोच काढलेले. या प्राण्यांना ब्रॅकिओपॉड म्हणतात. कालवांचे शिंपले असतात डावा आणि उजवा. यांचे असतात वरचा आणि खालचा, पेटी आणि झाकण. एकेकाळी सगळे समुद्र त्यांनी भरलेले होते. आता फार थोडे उरलेत, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असायचं आणि दोघीही ती ओळ शिकवून पुढे जायच्या.

शुभदाचा धाकटा भाऊ रत्नाकर बंदराच्या कामांवर पाणबुड्या होता. हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली उतरायचं, खांब तपासायचे, खडक फोडायचा असेल तर सुरुंगाची जागा ठरवायची, हे त्याचं काम. एकसष्ट साली त्याची नेमणूक लखदीवच्या एका बेटावर झाली. तिथून रजेवर घरी जाताना तो वाट वाकडी करून बंगळूरला आला आणि डालड्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला एक दगड काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"बेटाच्या पूर्वेला पोवळ्याची भिंत आहे ना ताई, तिच्याखाली एक गुहा आहे. आत मिट्ट काळोख. वर हात लावला तर छत खरखरीत. वाटलं वाळू चिकटलीय. टॉर्च लावली तर हे. तुला दाखवावं म्हटलं."

दगडाच्या एका अंगावर मसुरीच्या डाळीएवढे पांढरे दाणे दाटीवाटीनं चिकटलेले होते. दुसऱ्या दिवशी शुभदानं तो दगड कॉलेजात नेला. सुईनं एका दाण्याचं झाकण उचललं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत, झाकणाच्या पोटाशी, केसाळ बाहूंची बारीक वेटोळी होती, सुकून चिकटलेली. पुन्हा पाहिलं. मग तिनं शेजारच्या खोलीत जाऊन नीरजाला तासावरून उठवून आणलं.

नीरजा बराच वेळ वाकून पाहत होती. मान वर करून तिनं विचारलं, "अक्का, हे माझ्या कपाटातले ना?"

"तुझ्या कपाटातले नाहीत. हे गेल्या महिन्यापर्यंत जिवंत होते."

"अय्यो देवा," नीरजा म्हणाली आणि खाली बसली.

बासष्टच्या नाताळच्या सुटीत शुभदा बेटावर गेली. परवानगीची सगळी खटपट रत्नाकरनं केली. पद्माकर सोबत आला, दोन दिवस बोटीच्या कठड्याला धरून ओकला आणि बेटावर उतरल्यावर म्हणाला, "आता परत जायलाही बोटच, नाही का?" कल्पनाला शेजारणीकडे ठेवलं होतं. क्वार्टर्समध्ये त्यावरून बोलणं झालंच. "मुलीला टाकून बाई गुहेत जाते" असं कुणी म्हणाल्याचं शुभदाच्या कानावर आलं होतं. तिनं ते ऐकलं आणि बॅग भरली.

गुहेपर्यंत न्यायला कुंजीकोया नावाचा नावाडी होता. खारकेसारखा सुकलेला, डोळे सतत बारीक केलेले. त्याला मराठी येत नव्हतं, शुभदाला मलयाळम येत नव्हतं, पण ओहोटी केव्हा लागणार हे तो तिला हाताच्या पंजानं दाखवायचा आणि ते कधी चुकलं नाही. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला गुहेचं तोंड उघडं पडायचं. रत्नाकरची हाफपँट आणि पद्माकरचा जुना शर्ट घालून शुभदा पाण्यात उतरायची, मास्क लावून, श्वास धरून पाण्यातल्या छताखाली उताणी तरंगायची आणि काचेच्या डब्यात ठेवलेली टॉर्च वर मारायची.

छत पांढरं होतं. टॉर्चचा उजेड पडला की वीतभर जागेतले सगळे दाणे एकदम मिटायचे. ते मिटणं ऐकू येत नव्हतं, पण छत अंग चोरून घेतंय असं वाटायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा शुभदाच्या नाकातोंडात पाणी गेलं. रत्नाकरनं तिला धरून बाहेर काढलं. ती खोकत होती आणि खोकता खोकता बोलत होती, "हलतात रे. रत्ना, ते हलतात."

उजेडाकडच्या बाजूला एकही दाणा नव्हता. तिथे शेवाळ, पोवळी, स्पंज, आणि त्यांना ओरबाडून खाणारे मासे. जिथे शेवाळाला उजेड पुरत नाही, मासे शिरत नाहीत, तिथून या दाण्यांची वस्ती सुरू व्हायची. बाहेरचा सगळा समुद्र दुसऱ्यांनी घेतला आणि हे मागे सरकत सरकत काळोखात येऊन राहिले, असं तिनं रत्नाकरला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे चाळीतल्या जिन्याखाली बिऱ्हाड." तिला ते पटलं.

त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये ती एकटीच गेली आणि जिवंत दाण्यांचा एक दगड काचेच्या मोठ्या बरणीत समुद्राच्या पाण्यासकट घेऊन आली. बोट, मग रेल्वे, मग रिक्षा. बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. समुद्राच्या पाण्याचे आणखी कॅन मंगळूरहून यायचे. फिजिक्सवाल्यांची फोटो धुवायची काळोखी खोली तिनं मागून घेतली. शिपाई देवाप्पा रोज विचारायचा, "अम्मा, दगडाला पाणी घातलं की दगड वाढतो का?" शुभदा म्हणायची, "तेच बघतेय, देवाप्पा."

आणि मे महिन्यात एका दुपारी ती लाल दिव्याच्या उजेडात बरणीवर वाकली असताना तिला दगडावर काहीतरी सरपटताना दिसलं. टाचणीच्या टोकाहून लहान, नारिंगी. मग आणखी एक. या प्राण्यांच्या मादीच्या खालच्या शिंपल्यात एक पिशवी असते. पिल्लं त्या पिशवीत आईच्या बाहूंना धरून वाढतात आणि पुरेशी मोठी झाली की बाहेर पडतात. हे तिनं एका फ्रेंच लेखाच्या सारांशात वाचलं होतं. वाचणं वेगळं. समुद्रापासून इतक्या लांब, तीन हजार फूट उंचावर, बंगळूरच्या एका काळोख्या खोलीत आई झाकण जरासं उचलून धरत होती आणि पिल्लू बाहेर येत होतं. शुभदानं नीरजाला हाक मारली ती ओरडूनच.

नीरजानं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "पाच वर्षं मी मुलींना सांगते, हे मेलेले, हे दगड झाले. नोडू अक्का, बघ, हे तर बाळंतपण आहे."

पिल्लं लांब गेली नाहीत. घटकाभर सरपटली, पोहली, आणि आईपासून बोटभर अंतरावर जागा शोधून चिकटली. एकदा चिकटली की जन्मभर तिथेच. जूनमध्ये पाण्याचे कॅन वेळेवर आले नाहीत आणि दगडावरचे सगळे दाणे मेले. शुभदा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पद्माकर तिच्यासमोर ताट ठेवून बसून राहिला.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. ते वाढतात किती आणि जगतात किती. गुहेच्या छतावर तिनं पहिल्याच खेपेला एक चौकोन खरवडून ठेवला होता आणि आतल्या प्रत्येक दाण्याचं चित्र काढून माप घेतलं होतं. त्रेसष्टच्या नाताळात पुन्हा मापलं. काही बदल नाही. तिला वाटलं, आपलं चुकलं. चौसष्टच्या एप्रिलमध्ये पुन्हा मापलं. तरी नाही. तासन् तास पाण्यात राहून काकडत, ओठ निळे पडलेले, ती बाहेर आली तेव्हा रत्नाकरनं विचारलं, "काय ताई?" ती म्हणाली, "झालं बाबा माझं." तिच्या मनात होतं, या वर्षापुरतं झालं. पण पुढच्या नाताळात आणि त्यानंतरच्या एप्रिलला बेटाची परवानगी मिळाली नाही.

पासष्टच्या जूनमध्ये, बेटावरची कामं पावसाळ्यापुरती बंद झाल्यावर, रत्नाकर बंगळूरला आला. खुशीत होता. रविवार होता, शुभदानं सोलकढी केली होती, भात वाढत होती. रत्नाकर पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाला, "भावोजी, वाट झाली!"

"कसली वाट?" पद्माकरनं विचारलं.

"बोटींना आत यायची. बेटाभोवती पोवळ्याची भिंत आहे ना, बोटी बाहेर ताटकळत राहायच्या. भरती लागेपर्यंत आत घेताच येत नव्हतं. आता सरळ आत. मार्चमध्ये सुरुंग लावले. तुम्ही बघायला हवं होतं, पाणी नारळाच्या झाडाएवढं उडालं."

शुभदानं वाढता वाढता विचारलं, "कुठल्या बाजूला रे?"

"पूर्वेला. भिंत तिथेच सगळ्यांत सोयीची. खालून पोकळ. तुझी ती गुहा नाही का? साहेब म्हणाले, पोकळी कुठे आहे, किती लांब आहे, कुणाला ठाऊक? म्हटलं मला ठाऊक आहे, तिचा कोपरान् कोपरा मापलाय आम्ही. पोकळीत दारू भरली की वरचं सगळं एका दणक्यात. एरवी सहा महिने लागले असते."

शुभदाच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. तिला ऐकू आलं होतं, पण अर्थ लागत नव्हता. ती म्हणाली, "गुहा?"

"गेली ना आता. तिथूनच तर बोटी जातात."

"रत्ना, माझे शिंपले होते तिथे."

रत्नाकर हसत होता तो थांबला. "पण तू म्हणाली होतीस ना ताई, झालं माझं म्हणून?"

कल्पना आईच्या तोंडाकडे पाहत होती. बाहेर कुठल्या तरी विमानाचं इंजिन चाचणीला लागलं आणि भांडी थरथरायला लागली. ते बंद होईपर्यंत शुभदा उभीच होती. मग म्हणाली, "एक शब्द विचारायचास."

"विचारलं असतं," रत्नाकर म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. "पण ताई, कुंजीकोया गेला ना."

"गेला म्हणजे?"

"बुडाला. कळवायचं राहून गेलं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मंगळूरहून तांदूळ घेऊन येत होता. ओहोटी होती म्हणून भिंतीबाहेर थांबला. लाट आली आणि नाव भिंतीवर आपटली. आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो. हाकेच्या अंतरावर होता, पण मध्ये भिंत. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणाही. त्यानंतर बेटावरच्या सगळ्यांनी साहेबांच्या दारात बसून सांगितलं, वाट करा. मी कसा नाही म्हणणार होतो?"

शुभदा खाली बसली. तिला कुंजीकोयाचा पंजा दिसत होता, ओहोटी दाखवणारा. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिला दिसली. नुकतंच त्याच्या मरणाचं ऐकलं, तरी मनात पहिल्यांदा आला होता तो छतावरचा चौकोन. त्या विचारानं ती इतकी हादरली की उठून मागच्या पेरूपाशी जाऊन उभी राहिली. रत्नाकर तिच्या मागे आला.

"मला तुझा राग यायला हवा," ती म्हणाली. "आणि येतोय. पण तू बरोबर केलंस हेही कळतंय. हे दोन्ही एकदम कुठे ठेवायचं ते सांग."

रत्नाकर कुंपणाला टेकून नाचणीच्या शेतांकडे पाहत राहिला.

सप्टेंबरात युद्ध लागलं. कारखान्यात रात्रंदिवस काम, खिडक्यांना काळे कागद, पद्माकर दोन दोन दिवस घरी नाही. बेटाची परवानगी लांबत लांबत सहासष्टच्या जानेवारीत मिळाली. नीरजा म्हणाली, "काय बघायला जातेस अक्का? राहू दे की." शुभदा म्हणाली, "नाही बघितलं तर मला गुहा अजून तिथेच आहे असं वाटत राहील."

बोट थेट आत शिरली. ज्या जागी पूर्वी नावेत बसून वाट पाहावी लागायची तिथून सरकत गेली, आणि शुभदाला कळलं की आपण गुहेच्या वरून चाललोय. बोटीत एक पोटुशी बाई होती, औषधांची खोकी होती, शाळेची बाकं होती. शुभदानं तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती उतरली. वाटेच्या दोन्ही काठांना फुटलेल्या दगडांची रास पडली होती. उलटे, तिरके, एकमेकांवर. जी बाजू पूर्वी छत होती ती आता आकाशाकडे तोंड करून उन्हात पडली होती. तिच्यावर हिरवं शेवाळ चढलं होतं आणि शेवाळाखाली दाण्यांची रिकामी झाकणं. जागोजाग झाकणंही गळून गेलेली, नुसत्या खालच्या वाट्या. शुभदा एका दगडावरून दुसऱ्या दगडावर हात फिरवत गेली. शेवटी एका मोठ्या दगडावर तिला खरवडलेली रेघ सापडली. चौकोनाची एक बाजू. ती तिथेच पाण्यात गुडघे टेकून बसली आणि इतक्या मोठ्यानं रडली की किनाऱ्यावरून रत्नाकर धावत आला.

गुहेचा अगदी मागचा कोपरा, जेमतेम माणूस आडवा शिरेल एवढा, तेवढा वाचला होता. रत्नाकर मास्क लावून आत गेला आणि वर येऊन मान हलवत म्हणाला, "थोडे आहेत. जिवंत आहेत."

त्या खेपेला ती कुंजीकोयाच्या बायकोला भेटायला गेली. त्या बाईनं तिला नारळाचं पाणी दिलं आणि बाहेर नेऊन बोटींची वाट दाखवली, अभिमानानं, जणू ती वाट तिच्या नवऱ्याचीच. शुभदानं मान डोलावली.

बंगळूरला येताना तिनं फुटलेल्या दगडांचे तुकडे गोणीत भरून आणले. पाहिजे तितके. पूर्वी एकेक दाणा काढताना हात कचरायचा. आता सगळ्या वयांचे, सगळ्या मापांचे, पिशवीवाले आणि बिनपिशवीचे, वाटेल तेवढे समोर पडले होते. दोन वर्षं ती ते चिरून, घासून, मापून पाहत होती. काम चांगलं होत होतं. एकदा नीरजा म्हणाली, "अक्का, सुरुंग नसता तर हे मिळालं नसतं गं." शुभदानं सुई खाली ठेवली आणि खोलीबाहेर निघून गेली. नीरजानं तो विषय परत काढला नाही.

अडुसष्टच्या जानेवारीत ती पुन्हा गेली. रत्नाकर रजा संपवून तिच्याच बोटीनं परतत होता. गावी त्याचं लग्न ठरलं होतं. ओहोटीला दोघं उतरली. शुभदा वाटेच्या काठानं शोधत होती. रत्नाकर टाकी बांधून वाचलेल्या कोपऱ्याकडे गेला. बराच वेळ बुडबुडे एकाच जागी वर येत राहिले. मग तो वर आला, मास्क ओढून काढला, आणि धापा टाकत तिला हातानं बोलवायला लागला.

"काय झालं? रत्ना, लागलं का कुठे?"

"ताई, फुटलेल्या दगडावर आहेत. जुन्या छतावर नाही. मी फोडलेल्या अंगावर. कोपऱ्याजवळ दोन दगड एकमेकांना टेकून काळोख झालाय ना, त्याच्या आत."

ती शिरली. दगड सुरुंगानं दुभंगला होता तिथलं अंग अजून ताजं, खडबडीत होतं, आणि त्या अंगावर विरळ विरळ पांढरे ठिपके. काही खसखशीएवढे. सगळ्यांत मोठा मोहरीच्या दाण्याएवढा. टॉर्च मारली तशी त्यानं झाकण मिटलं.

आणि मग तिच्या डोक्यात उजाडलं. हा दगड पासष्टच्या मार्चमध्ये फुटला. त्याआधी हे अंग जगात नव्हतंच. म्हणजे यावरचा कुठलाही दाणा तीन वर्षांपेक्षा जुना असणं शक्य नाही. तीन वर्षांत मोहरी. मग मसुरीच्या डाळीएवढा व्हायला किती? वय वाढेल तसं वाढणं मंदावतं, हे तिनं घासलेल्या शिंपल्यांच्या कडांवर पाहिलंच होतं. दहा वर्षं? बारा? अधिकच. तिच्या चौकोनातले ते दाणे, जे वर्षभरात वाढले नाहीत म्हणून तिला आपली मापं चुकली असं वाटलं होतं, ते ती लग्न होऊन बंगळूरला यायच्या आधीपासून तिथे चिकटून होते. एका दणक्यात गेले ते असे.

बाहेर येऊन तिनं रत्नाकरला हे सांगितलं. तो खडकावर बसला होता, पायाशी टाकी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "एवढेसे?" तो म्हणाला. "एवढेसे, आणि बारा वर्षं?" मग त्यानं विचारलं, "वाटेच्या पलीकडच्या काठावर आले असतील का गं?"

त्यांनी तिकडेही शोधलं, पुढचे तीन दिवस. तिथेही दगड तसेच, काळोख तसाच. एकही दाणा नव्हता. पिल्लं आईपासून लांब जात नाहीत. मधली वाट त्यांना पार होणार नव्हती.

पुढच्या वर्षी वाट रुंद करायचं ठरलं. मोठ्या बोटी येणार होत्या. रत्नाकरनं साहेबांना सांगून पाहिलं, साहेब म्हणाले, "बहिणीचे शिंपले? रजा घे जरा." मग आखणी त्याच्याकडे आली तेव्हा त्यानं सुरुंगाची भोकं पलीकडच्या काठावर पाडली, जिथे काही नव्हतं. काम जास्त दिवस चाललं. त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली आणि त्यानं ती खाल्ली. शुभदाला हे त्यानं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात बंगळूरलाच प्राणिशास्त्रज्ञांची एक परिषद भरली. शुभदाला वीस मिनिटं मिळाली. ती काठापदराची सुती साडी नेसून गेली. पद्माकर रजा काढून मागच्या रांगेत बसला, शेजारी नीरजा. शुभदानं गुहा सांगितली, काळोख सांगितला, पिशवीतली पिल्लं सांगितली, आणि वाढीचा हिशेब फळ्यावर मांडला. पुढच्या रांगेतून एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "पण खडकाचं ते अंग नेमकं कधी उघडं पडलं, हे बाईंना इतक्या खात्रीनं कसं ठाऊक?"

"माझ्या भावानं तिथे सुरुंग लावला होता," शुभदा म्हणाली.

हॉल हसला. मनापासून, कौतुकानं. ती फळ्यापाशी उभी राहून त्या हसण्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, यांना नीट ऐकू आलं नसेल.

प्राध्यापकही हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "फार नामी पद्धत आहे. पण एकाच जागेवरून अनुमान काढणं कच्चं. भाऊ त्याच कामावर आहे, तर आणखी एखादी गुहा फोडून पाहायला काय हरकत आहे? तीन वर्षांत पडताळा मिळेल."

ते चेष्टा करत नव्हते. काही जण माना डोलावत होते. कुणीतरी टिपून घेतलं. शुभदाला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. तिनं मागे पाहिलं. नीरजाचं तोंड उघडंच राहिलं होतं, पद्माकर खुर्चीतून अर्धा उठला होता. त्यांनीही तेच ऐकलं होतं.

"नाही," शुभदा म्हणाली.

"का बरं?"

तिला पुष्कळ सांगता आलं असतं. "वाढायला फार वेळ लागतो त्यांना," ती म्हणाली. "आत्ताच सांगितलं ना मी."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. ती खाली येऊन बसली तेव्हा नीरजानं तिचा हात धरला आणि सोडला नाही. चहाच्या वेळी तेच प्राध्यापक कप घेऊन तिच्यापाशी आले, निबंध छापायला आपण शब्द टाकू म्हणाले, आणि त्यांनी तो टाकलाही. निबंध छापून आला. पडताळ्याची सूचना त्यांनी त्याच्या खाली तळटीप म्हणून जोडायला सांगितली होती. शुभदानं ती जोडली नाही.

परिषदेनंतरच्या एप्रिलला ती बेटावर गेली नाही. कल्पनाची सातवीची परीक्षा होती.